नेम, भाव आणि उघडें दार

प्रार्थना ही मनाच्या उमाळ्याची गोष्ट असेल, तर ती रोज ठराविक वेळीं कशी व्हावी. आणि ती ठराविक वेळीं होऊं लागली, तर तिच्यांत उमाळा कसा राहावा, हा प्रश्न सर्वच धर्मांतील विचारी माणसांना पडत आला आहे. आमच्याकडे ‘नेम’ आणि ‘भाव’ ह्या दोन शब्दांत हा सारा वाद सांठविलेला आहे. नेमाचा कैवारी म्हणतो कीं, भावाची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातून कांहींच घडत नाहीं. भावाचा कैवारी म्हणतो कीं, नुसता नेम म्हणजे जिभेचा व्यायाम. ख्रिस्ती धर्मांत हा वाद विशेष तीव्र आहे. येशूनें डोंगरावरील प्रवचनांत शब्दांची पोकळ आवृत्ति करणाऱ्यांस दोष दिला, आणि लागलीच शिष्यांस म्हणावयास एक ठराविक प्रार्थनाहि दिली. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों. वाचकांपैकीं पुष्कळजण त्या धर्माचे नसतील. पण ज्यांच्या घरीं देवापुढें सांजवात लागते, त्यांना हा प्रश्न परका वाटूं नये.

मुळशी तालुक्यांत भरे, पिरंगुट ह्या बाजूस जाणाऱ्यास भातखाचरें दिसतात. खाचराचा बांध पाण्याचा एक थेंबहि निर्माण करीत नाहीं. पाऊस शेतकऱ्याच्या स्वाधीन नाहीं. तो यावयाचा तेव्हां येतो. परंतु बांध फुटका असेल, तर आलेला पाऊस ओढ्याला मिळतो आणि रोप कोरडें राहतें. शिवाय बांधाची डागडुजी पावसाच्या आधीं, म्हणजे तिचा कांहीं उपयोग दिसत नसतो अशा दिवसांत, करावी लागते. प्रार्थनेचा नेम हा असा बांध आहे. ख्रिस्ती आचार्य ज्याला ‘कृपा’ म्हणतात, तिला तो आणूं शकत नाहीं. आलेली वाहून जाऊं नये एवढीच त्याची कामगिरी. नेमाचा तिटकारा करणारा बांधावर पिकाची अपेक्षा करतो, आणि नेमाचा अभिमानी बांध उंच झाला म्हणून पीक आलें असें समजतो. दोघांचीहि चूक एकाच ठिकाणीं आहे.

नेमाला आणखी एक गुण आहे. दानिएलाच्या कथेंत राजाज्ञेनें प्रार्थनेस बंदी होते, तेव्हां तो यरुशलेमकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशीं दिवसांतून तीनदां गुडघे टेकतो. आणि कथाकार सांगतो कीं, हें तो पूर्वींपासूनच करीत आला होता. संकटाच्या घटकेस त्याला नवें धैर्य गोळा करावें लागलें नाहीं. कालच्याप्रमाणें आज वागणें एवढेंच त्याच्यापुढें काम होतें. सवय ही मनाला जड करते असें आपण म्हणतों. पण जें जड असतें तेंच वाऱ्यानें उडून जात नाहीं.

मात्र येथें एक पेंच आहे. येशूचा उपदेश असा कीं, खोलींत जाऊन दार लावून प्रार्थना करावी. दानिएलाची खिडकी तर उघडी. पहिला उपदेश दिखाऊपणाविरुद्ध आहे, दुसरें उदाहरण भीतीविरुद्ध. लोकांनीं पाहावें म्हणून दार उघडणें जसें वाईट, तसेंच लोक पाहतील म्हणून तें लावून घेणेंहि वाईट. पण आपलें दार उघडें राहिल्यानें दुसऱ्याच्या मनावर दाब पडत असेल तर? हा प्रश्न नुसता पुस्तकी नाहीं. पुण्यानें तो प्रत्यक्ष अनुभवला आहे.

पंडिता रमाबाईंनीं 1889 सालीं मुंबईस ‘शारदासदन’ काढलें आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आणलें. उच्चवर्णीय विधवांस तेथें आपला आचार पाळून शिकतां यावें, धर्माच्या बाबतींत सदनानें तटस्थ राहावें, असें ठरलेलें होतें. रमाबाई स्वतः 1883 सालीं ख्रिस्ती झालेल्या. आपल्या खोलींत त्या रोज प्रार्थना करीत. दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन आंत येऊन बसत. ह्यावरून मोठें वादळ उठलें. ‘केसरी’नें कडक टीका केली, 1893 सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर ह्यांच्यासारख्या सहानुभूतीच्या माणसांनींहि सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या.

आमच्या मतें ह्या वादांत दोन्ही पक्षांच्या बाजूस कांहीं सत्य होतें. कोणाहि माणसानें आपली प्रार्थना चोरासारखी उरकावी, असें म्हणण्याचा अधिकार जगांत कोणास नाहीं. उलटपक्षीं, अन्न, वस्त्र, आसरा आणि विद्या ज्या हातांतून मिळतात, त्या हातांकडे पाहणारी अनाथ मुलगी जेव्हां ‘आपण होऊन’ आंत येते, तेव्हां तिचें तें आपण होऊन येणें कितपत मोकळें असतें, ही पालकांची शंका अगदींच अनाठायीं नव्हती. म्हणून ज्याची दुसऱ्यावर सत्ता अधिक, त्यानें आपल्या नेमाविषयीं अधिक जपलें पाहिजे. त्याचें अनुकरण सहज आज्ञापालन होऊन बसतें. हा न्याय संस्थांना आहे, तसाच घरांनाहि आहे. मुलांना रोज दटावून प्रार्थनेस बसविणारा बाप त्यांना प्रार्थनेची नव्हे, बापाची सवय लावतो. त्यानें स्वतः बसावें, दार उघडें ठेवावें, आणि उघडें दार आंत येण्यासाठीं असतें तसेंच बाहेर जाण्यासाठींहि असतें, हें मनोमन कबूल करावें.

पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत रमाबाईंनीं प्रार्थनेला श्रमाची जोड दिली. दुष्काळांत आसऱ्यास आलेल्या मुली तेथें शेती, विणकाम, छपाई शिकल्या. बाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर तेथल्याच छापखान्यांत स्त्रियांच्या हातून सिद्ध झालें. सतराव्या शतकांत पॅरिसच्या एका मठांत ब्रदर लॉरेन्स नांवाचा साधु स्वयंपाकघरांत राबतां राबतां ईश्वराचें सान्निध्य अनुभवी, त्याचाहि बोध हाच. आज पिरंगुटाच्या कारखान्यांत पाळीनें काम करणाऱ्यास पहांटेचा ठराविक मुहूर्त कोठून मिळावा? त्यानें नेम घड्याळाशीं न बांधतां कामाशीं बांधावा: चूल पेटवितांना, कामास हात लावतांना, दिवा मालवितांना. सकाळीं डोळा उघडतांच आपला हात मोबाइलकडे जातो, ही सवय आपणांस कोणी न शिकवितां लागली. तेव्हां सवय लागतच नाहीं, ही सबब आतां चालण्यासारखी नाहीं.

भाषेचाहि विचार केला पाहिजे. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या समाजाला परक्या चालीवरची प्रार्थना तोंडपाठ होईल, पण अंगवळणीं पडणार नाहीं. फादर स्टीफन्स ह्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ 1616 सालीं छापलें गेलें, तें ओवींत; रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग आणि भजनें रचून मराठी ख्रिस्ती उपासनेला घरची वाणी दिली. श्रमाच्या वेळीं जी वाणी आपोआप ओठांवर येते, तिच्यांतच नेम आणि भाव ह्यांची गांठ पडते.

राहतां राहिली ती नेमाच्या खरेपणाची कसोटी. ती प्रार्थनेच्या वेळीं डोळ्यांत पाणी आलें कीं नाहीं, ही नव्हे. त्याच डोंगरावरील प्रवचनांत असें सांगितलें आहे कीं, वेदीपाशीं अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवावें, आधीं समेट करावा आणि मग परत यावें. म्हणजे नेम मोडण्याची परवानगीहि नेमाच्या पोटांतच आहे. प्रार्थनेवरून उठल्यावर मोलकरणीशीं आपण पहिला शब्द कोणता बोलतों. तिचा थकलेला पगार आपणांस आठवतो कीं नाहीं. आणि आठवला, तर उद्यांची प्रार्थना त्याच्या आधीं होते कीं नंतर, एवढें ज्यानें त्यानें आपल्यापुरतें पाहावें.