कळलेलं आणि वळलेलं

एरिक श्लोसर हा अमेरिकी पत्रकार आयडाहोतल्या एका बटाट्याच्या कारखान्यात गेला. तिथे बटाटे पाण्याच्या लोटाबरोबर सेकंदाला शंभराहून जास्त फूट वेगाने नळीतून सुटतात, पात्यांच्या जाळीवर आदळतात आणि एकसारख्या कांड्या होऊन पलीकडे पडतात. या कांड्यांच्या चवीचं गुपित बटाट्यात नसून तळणीत आणि स्वादद्रव्यांत असतं, हे त्याने खणून काढलं होतं. न्यू जर्सीतल्या स्वाद तयार करणाऱ्या एका कंपनीत त्याने डोळे मिटून वास घेतला, तर थेट निखाऱ्यावरच्या मांसाचा खमंग दरवळ. डोळे उघडले तर नाकाशी धरलेली कागदाची पांढरी पट्टी. एवढं सगळं पाहणाऱ्या या गृहस्थासमोर कारखान्यात ताज्या तळलेल्या फ्राइज आल्या तेव्हा त्याने त्या चवीने खाल्ल्या आणि वर आणखी मागितल्या. 'फास्ट फूड नेशन' या २००१ सालच्या पुस्तकात त्याने हे लपवलेलं नाही. मला त्या पुस्तकातली ही सर्वांत महत्त्वाची जागा वाटते.

कारण लोकांना माहिती दिली की लोक सुधारतात, यावर आपली फार भिस्त. पाकिटामागचा तक्ता वाचायला शिकवा, साखर किती आणि मीठ किती ते सांगा, की झालं. न्यूयॉर्क शहराने २००८ साली साखळी उपाहारगृहांना पदार्थापुढे कॅलरी छापायला लावल्या. गरीब वस्त्यांतल्या गिऱ्हाइकांची बिलं अभ्यासकांनी नियमाच्या आधी आणि नंतर गोळा केली. निम्म्यांच्या आसपास लोकांना आकडे दिसले होते, त्यांतल्या चौथा हिस्साभर लोकांनी आपल्यावर परिणाम झाल्याचं सांगितलंही. बिलांवरच्या कॅलरी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. आपल्याकडे दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना २०२२च्या जुलैपासून हाच नियम आहे. बर्गरच्या रांगेत उभा असलेला माणूस तिथे पौष्टिक काही खायला म्हणून आलेला नसतो, ही साधी गोष्ट नियम करणाऱ्यांच्या लक्षात का येत नाही, कोण जाणे. त्याला आकडा दिसतो, तो मनातल्या मनात ओशाळतो आणि मोठा कोक मागतो.

मग काहीच वळत नाही का? वळतं. टेक्सासमधल्या आठवीच्या मुलांवर ख्रिस्तोफर ब्रायन, डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. काही मुलांना आहाराचा नेहमीचा धडा दिला: भाज्या खा, साखर टाळा, पुढे आयुष्यात उपयोग होईल. बाकीच्यांना वाचायला दिली खाद्यकंपन्यांची कुलंगडी. खाताना हात थांबू नये म्हणून पदार्थ कसे घडवतात, लहान मुलांना आणि गरीब वस्त्यांना जाहिरातींत कसं हेरतात, याचा मजकूर. प्रकृतीसंबंधी उपदेशाचा एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी, या प्रयोगाशी संबंध न दाखवता, शाळेकडून बक्षीस म्हणून खाऊ निवडायला सांगितला, तेव्हा दुसऱ्या गटाने चिप्स, बिस्किटं आणि सोडा कमी उचलला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात मुलांना टॅब्लेटवर जाहिराती दिल्या आणि सांगितलं, यावर काहीही खरडा, फक्त जाहिरात खरी करा. शाळेच्या कॅन्टीनची खरेदी पुढे तीन महिने तपासली. नेहमीचा धडा मिळालेल्या मुलग्यांच्या तुलनेत या मुलग्यांची अरबटचरबट खरेदी ३१ टक्क्यांनी कमी भरली.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला वडीलधाऱ्यांचं ऐकणं म्हणजे हार वाटते. आहाराचा धडा हा वडीलधाऱ्यांचाच आवाज. पण सूटबूट घातलेले काही लोक दूर कुठेतरी बसून आपल्याला गंडवताहेत, हे कळलं की तोच मुलगा पेटून उठतो. चिप्सचं पाकीट नाकारणं हे पथ्य राहत नाही, तो बाणेदारपणा होतो. पोटाला कळलेलं वळत नाही, मानाला कळलेलं वळतं.

मोठ्यांचंही फारसं वेगळं नाही. मॅकडोनाल्ड्स अमेरिकेत १९९०पर्यंत फ्राइज तळायला ९३ टक्के गोवंशाची चरबी वापरत असे. कोलेस्टेरॉलवरून ओरड झाल्यावर कंपनी वनस्पती तेलावर गेली; पण जुनी चव हवी म्हणून 'नैसर्गिक स्वाद' या मोघम नावाखाली गोमांसाचा अर्क राहिला. हे उघड झालं तेव्हा २००१ साली सिएटलमध्ये हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांच्या वतीने दावा गुदरला गेला. पुढल्या वर्षी कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. इकडे ठाण्यात तिच्या उपाहारगृहाची मोडतोड झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये तसलं काही नाही, असं कंपनी सांगत होती तरी. चरबी हृदयाला वाईट म्हणून ठाण्यात कोणी दगड उचलला नसता.

पण मानाच्या या रागाला एक खोट आहे. मान राखला गेला की राग निवतो आणि राग निवला की चौकशी संपते. भारतात कंपनीने गोमांस आणि डुकराचं मांस ठेवलंच नाही, शाकाहारी स्वयंपाक वेगळा केला, त्यातल्या पोरांना हिरवे एप्रन दिले. हिरवा ठिपका दिसला की आपल्यातला मोठा वर्ग निश्चिंत होतो. त्या बर्गरमधलं चीज बारामतीहून आणि लेट्यूस तळेगावहून येत आलंय, हेही आपण कौतुकाने सांगतो. एप्रनमधला पोरगा किती तास उभा असतो, हा प्रश्न त्या कौतुकात बसत नाही.

हा जुनाच दोष आहे. अमेरिकी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअरने १९०६ साली 'द जंगल' प्रसिद्ध केलं ते शिकागोच्या कत्तलखान्यांत पिळून निघणाऱ्या लिथुआनियन मजुरांसाठी. वाचकांनी त्यातलं काय उचललं? डब्यातलं सडकं मांस. त्याच वर्षी ३० जूनला मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा, असे दोन कायदे झाले. आपण नेम धरला काळजावर आणि लागला पोटाला, अशी खंत लेखकाने पुढे बोलून दाखवली. मांस तपासणीचा कायदा मात्र टिकला. १९९३ साली जॅक इन द बॉक्स या अमेरिकी साखळीच्या कच्च्या राहिलेल्या बर्गरमधून ई. कोलायची बाधा होऊन सातशेहून अधिक माणसं आजारी पडली, चार मुलं दगावली. त्यानंतर १९९४ साली खिम्यातला तो जिवाणू म्हणजे भेसळच, असं सरकारने ठरवलं. आज अमेरिकेत बर्गर खाणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसलं तरी त्या निर्णयाचं संरक्षण त्याला मिळतं. माणसाच्या निग्रहावर विसंबून नसलेली सुधारणा ती हीच.

मजुरांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. श्लोसरच्या पुस्तकातला कोलोरॅडोतल्या ग्रीलीचा कत्तलखाना, तिथला पट्ट्याचा वेग, सुऱ्यांच्या जखमा लाखो लोकांनी वाचल्या. काहींनी बर्गर सोडले. कारखान्याचे मालक बदलले. २०२०मध्ये करोनाने त्याच कारखान्यातले सहा कामगार दगावले आणि कामगार सुरक्षा खात्याने दंड ठोठावला तो पंधरा हजार डॉलरच्या थोडा वर.

म्हणून या धंद्याची माहिती निव्वळ आहाराचा विषय म्हणून दिली जाते तेव्हा ती वाया जाते असं मला वाटतं. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून पिझ्झा, बर्गर, वेफर्स हद्दपार करण्याचा शासन निर्णय काढला. हेतू चांगला; पण ती पुन्हा पदार्थांचीच यादी, आणि यादी फाटकाशी संपते. त्यापेक्षा आठवीच्या मुलांपुढे फ्राइजची एक जाहिरात ठेवावी आणि विचारावं: ही कोणासाठी केली, यातला रंग आणि वास कुठून आला, रात्री अकराला या फ्राइज कोण तळतं, त्याला किती पैसे मिळतात. हा आहारशास्त्राचा प्रश्न नाही, अशी हरकत शिक्षक घेतील. मग नागरिकशास्त्राच्या तासाला विचारावा.