विषय घरचा, व्याकरण कुठलेही

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबची छायाचित्रे पाहायला घेतली, तर बहुतेकांत एकच चौकट सापडते: हारफुलांनी सजलेली श्रीचिंतामणीची मूर्ती, अगदी समोरून टिपलेली. या देवस्थानाचे आगळेपण त्या चौकटीत येतच नाही. मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतराव्या तसा उजेड ओसरतो, आवाज बदलतो आणि वरचे गाव डोक्यावर राहते. शेजारच्या गणेशकुंडाचे पाणी बारा वर्षांनी चढून देवाच्या पायांना लागते अशी भाविकांची श्रद्धा आहे. उजेडाची उतरंड, खोली आणि पाण्याची बदलती पातळी असा छायाचित्रकाराने हेवा करावा असा ऐवज इथे एका जागी आहे, तरी हजारो फोनांतून निघणारे चित्र एकच. फोटो काढणाऱ्यांचे डोळे अधू असतात असे नाही. देवळाचा फोटो कसा दिसायला हवा, हे आधी पाहिलेल्या हजार फोटोंनी ठरवून टाकलेले असते. प्रेरणा हवी म्हणून आपण आणखी चित्रे पाहतो आणि नेमकी त्यांच्याखाली आपली नजर दबते. म्हणून कलेत उसने काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विचार करायला हवा. माझे म्हणणे असे की व्याकरण, म्हणजे रचना आणि तंत्र, कुठूनही घ्यावे, विषय मात्र ज्याच्याशी आपला दीर्घ सहवास आहे तोच घ्यावा. ही अदलाबदल झाली की नक्कल जन्माला येते.

चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. त्यांचा जन्म 1922 साली मंडला जिल्ह्यात झाला. तेव्हा मंडला आणि कळंब ही दोन्ही ठिकाणे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या एकाच कारभाराखाली होती. रझांचे सुरुवातीचे कलाशिक्षण नागपूरच्या कलाशाळेत आणि पुढचे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये झाले. 1948 साली काश्मीरमध्ये त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. चित्रे पाहून या छायाचित्रकाराने सांगितले की हातात गुण आहे, पण चित्राला रचना नाही, चित्रकार सेझान अभ्यासा. रझा फ्रेंच शिकले आणि 1950 साली पॅरिसला गेले. गंमत अशी की कार्तिए-ब्रेसाँ स्वतः रचना शिकले होते ते आंद्रे लोत या चित्रकाराकडे. म्हणजे चित्रकाराने छायाचित्रकाराला दिलेले व्याकरण छायाचित्रकाराकडून पुन्हा एका चित्रकाराकडे आले. पण ते व्याकरण पचल्यावर रझांच्या कॅनव्हासवर अखेर ठाण मांडून बसला तो बिंदू. प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी एका चंचल मुलाचे चित्त थाऱ्यावर यावे म्हणून भिंतीवर काढलेला तो ठिपका. पॅरिसने रझांना रचना दिली; बिंदू पॅरिस देऊ शकत नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की घरच्या माणसाला घरचे दिसत नाही. रोज पायऱ्या उतरणाऱ्याला त्या उतरणीचे काय कौतुक? ताजी नजर बाहेरच्याचीच असते. आक्षेपात तथ्य आहे. वारली चित्रांचे मोल 1970 च्या दशकात ओळखले ते भास्कर कुलकर्णी या बाहेरून आलेल्या कलावंतानेच. पण कुलकर्णींनी वारल्यांना विषय दिले नाहीत; दिला तो कागद आणि रंग. लग्नाच्या वेळी सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहायचा चौक वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणला आणि त्यात मासेमारीचे जाळे, शेत, मुंग्या असे रोजच्या पाहण्यातले जग भरले. साधन बाहेरचे होते, जग घरचे होते, आणि म्हणूनच ती चित्रे जगभर गेली तरी कुणाची नक्कल वाटली नाहीत. सवयीने नजर बोथट होते हे खरे, पण त्यावर उपाय नवा देखावा नाही, नवे बंधन आहे: कागदाचा आकार, एकच भिंग, एकच जागा. शिवाय बाहेरच्याला नवलाई दिसते, बदल दिसत नाही. उन्हाळ्यातले कुंड आणि भर पावसाळ्यातले कुंड यांतला फरक एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याच्या कॅमेऱ्यात कसा यावा?

विषय उसना घेतल्याने किती नुकसान होते, हे यवतमाळइतके दुसऱ्या जिल्ह्याला क्वचितच ठाऊक असेल. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांबरोबर एक ठरीव चित्र देशभर गेले: भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा. दुःख खरे होते, चित्र मात्र तयार साच्यातले होते. त्या साच्यात पऱ्हाटीच्या ओळींतून वाकून कापूस वेचणारी बाई आली नाही, जिनिंगबाहेर ताटकळणाऱ्या गाड्या आल्या नाहीत, भावाची वाट पाहत घरात रचून ठेवलेला कापूस आला नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत काढलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन ग्रामीण बायकांच्या न दिसणाऱ्या श्रमांवर उभे केले, तेव्हा लोकांना धक्का बसला तो दृश्य दुर्मिळ होते म्हणून नव्हे, ते रोजचे होते म्हणून. तेव्हा ठरीव चित्र टाळणे ही केवळ सौंदर्याची बाब राहत नाही. ज्यांचे चित्र काढायचे त्यांच्याविषयीच्या प्रामाणिकपणाचाही तो भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ‘जवळचे पाहा’ हा उपदेश शहरातल्या सुखवस्तू कलारसिकाने तालुक्याच्या मुलांना करणे सोपे आहे. त्यांना ना कलादालन, ना मूळ चित्रे, ना चांगली पुस्तके. मग त्यांनी कूपमंडूक व्हायचे का? मुळीच नाही. व्याकरण कुठूनही घ्यावे याचा अर्थच असा की ते त्यांच्यापर्यंत पोचले पाहिजे. रझांना सेझानचे नाव कळले नसते, तर त्यांचा बिंदू आठवणीतच राहिला असता. आज फोनच्या पडद्यावर जगातली चित्रे फुकट दिसतात, पण दिसणे म्हणजे शिकणे नव्हे. सेझानने आपल्या गावाजवळचा एकच डोंगर का पुन्हा पुन्हा रंगवला, बोरूच्या तिरप्या कापातून देवनागरीची जाड-बारीक रेघ कशी आली, सुलेखनकार र. कृ. जोशींनी ‘मंगल’सारखा टंक रेखाटून ती लिपी संगणकावर कशी बसवली, हे कुणीतरी उलगडून सांगावे लागते.

असे उलगडून सांगण्याची जागा आपल्याकडे आधीच आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना राज्यभरातली मुले बसतात. त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आहे, म्हणजे निरीक्षण, स्मृती आणि रचना ही तिन्ही अंगे आहेत. तरी आठवडी बाजाराचे स्मरणचित्र अनेकदा मार्गदर्शिकेतून घोटलेले असते. त्यातला बाजार कुठल्याच गावचा नसतो. शिक्षकाने मानवी आकृतीचे प्रमाण आणि यथार्थदर्शन पुस्तकातून शिकवावे, पण बाजार कळंबचाच मागावा, एवढा बदल खर्चाशिवाय होऊ शकतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली. आता बाहेरचे कॅमेरे अधिक येतील आणि आपापल्या ठरलेल्या चौकटी भरून परत जातील. त्यांना अडवण्याचे कारण नाही. त्यांच्याकडून तंत्र शिकावे, त्यांची पुस्तके मागून घ्यावीत. पण कळंबच्या एखाद्या मुलाने कुंडाच्या एकाच पायरीवरून दहा वर्षे पाणी टिपले, तर त्या मालिकेला पर्याय देणे जगातल्या कुठल्याही नामवंत छायाचित्रकाराला शक्य होणार नाही, कारण तिच्यासाठी लागणारा काळ फक्त तिथे राहणाऱ्याकडेच आहे.