उत्तर ठाऊक असलेले प्रश्न

माझ्या तीन वर्षांच्या मुलीला मी दिवसभरात जे प्रश्न विचारतो, त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं मला आधीच ठाऊक असतात. हा रंग कोणता? माऊ कशी बोलते? काल आपण कुठे गेलो होतो? पाहुणे आले की प्रश्न वाढतात आणि माझा आवाजही. ती उत्तर देते तेव्हा माझं लक्ष तिच्याकडे नसतं, पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे असतं. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं, तर ‘एरवी खूप बोलते हो’ असं मी घाईनं सांगून टाकतो. ही घाई कोणासाठी? बोलणं तिचं, परीक्षा तिची, आणि निकाल मात्र मी माझा समजून बसलेलो.

मी तिच्याशी कमी बोलतो आणि तिला तपासतो जास्त, हे मान्य करणं जड जातं. कारण वरवर पाहता दोन्ही सारखंच दिसतं. बाप मुलीशेजारी मांडी घालून बसलाय, पुस्तक उघडं आहे, शब्दांची ये-जा चालू आहे. पण चित्रातल्या चिमणीवर बोट ठेवून ती म्हणते, ‘ही रुसलीय’, आणि मी म्हणतो, ‘हो का? आणि किती चिमण्या आहेत?’ तिनं मला काहीतरी सांगितलं होतं. मी ते ऐकलं का? ज्याला उत्तर आधीच माहीत आहे, तो फक्त जुळतंय का एवढंच बघतो. त्यात फोन हातात असला तर तेवढंही नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवू नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला मी घरात सगळ्यांना ऐकवला होता. माझा स्वतःचा पडदा त्यात मोजायचा असतो, हे मला सोयीनं सुचलं नाही.

या विषयावरचं वाचन मी बरंच करतो, आणि माझा खरा क्षुद्रपणा तिथेच दडलेला आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या दोघांनी ४२ कुटुंबांत दर महिन्याला जाऊन तासभराचं बोलणं टिपलं. असं सुमारे अडीच वर्षं. १९९५ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यातला हिशेब असा : चार वर्षांचं होईतो सुशिक्षित नोकरदारांच्या मुलाच्या वाट्याला सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरातल्या मुलापेक्षा सुमारे ३ कोटी शब्द जास्त येतात. हा आकडा मला आवडला. मी तो गप्पांत दोन-चारदा वापरलाही. का आवडला? पोरांच्या काळजीनं? छे. आमच्या घरात पुस्तकं आहेत, पदव्या आहेत, म्हणजे आपण बरोबर बाजूला आहोत, असा दिलासा त्यात होता. म्हणून आवडला.

त्या ४२ कुटुंबांत सरकारी मदतीवरची अवघी ६ होती, हे मी नंतर वाचलं. २०१९ मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईखेरीज इतरांनी मुलाशी केलेलं बोलणं आणि आसपासचं कानावर पडणारं बोलणंही त्यांनी धरलं, तेव्हा गरीब घरांतल्या शब्दांचा आकडा बराच वर गेला. यावरही वाद झाला : मुलाशी बोललेलं आणि मुलाच्या कानांवरून गेलेलं सारखं कसं मानायचं? शंका रास्त आहे. २०१८ मध्ये रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात वेगळीच गोष्ट पुढे आली. ज्या मुलांची मोठ्यांशी बोलण्यातली देवघेव जास्त, त्यांच्या मेंदूतला भाषेशी निगडित भाग गोष्ट ऐकताना जास्त सक्रिय दिसला. मोठी माणसं एकूण किती शब्द बोलली, त्यावर ते ठरत नव्हतं. घरची मिळकत हिशेबात घेऊनही हेच दिसलं.

मग मी स्वतःला विचारलं, आमच्या घरात ही देवघेव कोण करतं? मी? बायको आणि मी दोघंही सकाळी बाहेर पडतो, ते दिवेलागणीला परततो. मधल्या वेळात मुलगी कामाला येणाऱ्या मावशींजवळ असते. मावशी मराठवाड्याकडच्या. त्यांनी भाषाविकासावर काही वाचलेलं नाही. त्यांना कामं उरकायची असतात, आणि पोर पायात घोटाळत असते, म्हणून त्या बोलत राहतात. शेंगा सोलताना, तांदूळ निवडताना, ओट्यावरून पाणी निपटताना. ‘आता काय करू गं? हे चाळू का पाखडू?’ असं त्या खरोखरच विचारतात, आणि पोरगी विचार करून सांगते. सुटीच्या दिवशी आतल्या खोलीत पडल्या पडल्या मी हे ऐकलेलं आहे. निवडणं, पाखडणं, निथळणं, वाळत घालणं ही क्रियापदं तिच्याकडे माझ्या चित्रांच्या पुस्तकातून आलेली नाहीत.

आणि मी काय केलं? त्या भाषेवर नाक मुरडलं. मुलगी ‘कामून?’ असं विचारायला लागली, तेव्हा मी लगेच म्हणालो, ‘का, असं म्हणायचं.’ तिचा प्रश्न होता, पाऊस आपल्याच खिडकीवर का पडतो? त्याचं उत्तर राहूनच गेलं. त्याच दिवसांत ती ‘मी करलं’ असंही म्हणत होती. ते मात्र मी मित्रांना कौतुकानं सांगत सुटलो : बघा, ‘केलं’ हे रूप तिनं ऐकलेलं आहे, तरी ‘धरलं’, ‘भरलं’ यांवरून तिनं स्वतःचा नियम बसवला, म्हणजे डोकं चालतंय. रॉजर ब्राऊन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० मध्ये नोंदवलं होतं, की आईबाप मुलांचं व्याकरण सहसा दुरुस्त करत नाहीत, त्यांनी सांगितलेलं खरं की खोटं तेवढंच पाहतात. मग मी ‘करलं’ला टाळ्या आणि ‘कामून’ला टोकणं, असा दुहेरी कायदा कुठून आणला?

उत्तर मला ठाऊक होतं, फक्त उच्चारायचं नव्हतं. ‘करलं’ ही लहान मुलाची चूक होती, म्हणून गोड. ‘कामून’ ही तर चूकच नव्हती. लाखो माणसं रोज तसंच विचारतात. पण ते बोलणं ज्या घरातून येत होतं, ते घर माझ्या मुलीच्या तोंडून पाहुण्यांपुढे ऐकू यावं, हे मला नको होतं. मी शुद्ध भाषेचा कैवार घेतला होता, आणि आत होती निव्वळ प्रतिष्ठेची काळजी. मुलीनं यातून काय टिपलं असेल? जो माणूस तिच्याशी सगळ्यात जास्त बोलतो, त्याचं बोलणं बाबांना आवडत नाही, हेच ना?

आता मी थोडं वेगळं वागून पाहतोय. उत्तर माहीत नसलेले प्रश्न विचारतो : ती चिमणी कशानं रुसली असेल? मग थांबतो. हे थांबणं अवघड जातं. तिच्या तोंडात शब्द जुळत असतो आणि माझी जीभ तो पुरवायला पुढे सरसावते. कधी कधी ती जे सांगते त्याला शेंडा-बुडखा नसतो, आणि तरी मला ते पुढे ऐकावंसं वाटतं. प्रमाण भाषा तिला यायला हवी का? हवीच. पुढे शाळा ती मागणारच आहे. पण एका बोलीशेजारी दुसरी बोली मुलाला अडचण वाटत नाही. अडचण मला वाटत होती. आणि हे लिहितानाही मनात कुठेतरी हिशेब चालूच आहे, की अशा बोलण्यानं तिचा शब्दसंग्रह किती वाढेल. म्हणजे तपासनीस गेलेला नाही, फक्त सभ्य झालाय.

परवा मावशींना मी प्रथमच विचारलं, ‘तुमचा धाकटा दिवसभर कोणाजवळ असतो?’ त्या म्हणाल्या, ‘दादा, अंगणवाडी सुटली की शेजारणीकडं. तिथं टीव्ही असतो, बसतो बघत.’ आवाजात तक्रार नव्हती. तो माझ्या मुलीहून काही महिन्यांनी लहान आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत, म्हणून १९४०च्या दशकात बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. त्या कामाबद्दल मी आदरानं बोलत आलोय. माझ्या घरात मात्र रोज सकाळी उलटा प्रवास होत होता. एका मुलाच्या वाट्याचं बोलणं उचलून दुसऱ्या मुलीकडे आणलं जात होतं, आणि त्याचा पगार मी वेळेवर देत होतो, म्हणून मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मावशींनी धाकट्याला सोबत आणलं तर? त्या लवकर घरी जाव्यात म्हणून आमच्यापैकी एकानं लवकर परतायचं, पगार तेवढाच ठेवून? हे घरात बोलायला हवं. बायकोशी आज बोलणार आहे. पहिल्या पर्यायावर माझ्या मनात लगेच आलं, दोन पोरं म्हणजे घरात किती गोंधळ, आणि आमची मुलगी त्याच्याकडून काय काय बोलायला शिकेल! हा विचार कुठून आला, ते मला आता नीट कळतं. तो आला नाही, असं मात्र म्हणता येत नाही.