माळकऱ्याचा साबण

गळ्यात तुळशीची माळ घालताना मद्यमांस सोडण्याचे आपण कबूल केले. साबणाचे कोणी नावही काढले नव्हते. तेव्हा हा विषय पुष्कळांना पोरकट वाटेल. मलाही तसाच वाटे. पण गेल्या आषाढीच्या वाटेवर माळशिरसच्या मुक्कामी पाण्याच्या टँकरपाशी जे घडले, त्याने माझी झोप उडवली.

आमच्या दिंडीतली एक बाई साबणाची वडी घेऊन हातपाय धूत होती. मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "माऊली, गळ्यात माळ अन् हातात जनावराची चरबी?" बाई वरमल्या, पण गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बोवा, दुकानात मिळतो तो आणते. मला काय ठावं? अन् तुमच्या मृदंगाला काय मढवलंय वो?" चार माणसे हसली. दिंडीत मृदंग मीच वाजवतो.

रात्री वडीचे वेष्टन मागून घेतले आणि चष्मा लावून वाचले. बारीक इंग्रजी अक्षरात 'सोडियम पामेट' होते. म्हणजे पामतेलाचा साबण, चरबी नव्हतीच. चरबीचा असता तर 'सोडियम टॅलोएट' असे लिहिलेले असते. न वाचताच मी बोललो होतो!

तसे माझे भय अगदीच हवेतले नव्हते. साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग. जगभर पूर्वापार गुराढोरांची चरबी त्यात जात आली आहे. अर्देशिर गोदरेज यांनी नुसत्या वनस्पती तेलाचा साबण काढला त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. 1983 साली वनस्पती तुपात गाईची चरबी सापडल्याचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हा माझ्या आजीने कित्येक दिवस डब्यातल्या तुपाला हात लावला नव्हता. आजही ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल ही नावे वेष्टनावर दिसतात, पण ती वस्तू झाडाची की जनावराची हे नावावरून कळत नाही. कारखानदाराने हिरवा ठिपका छापला असेल तरच समजायचे.

पण बाईंचा प्रश्न सुटत नव्हता. कोणी म्हणेल, साबणासाठी जनावर मारत नाहीत, उरलेली चरबी वापरतात. खरे आहे. पण खाटकाच्या हिशेबात त्या चरबीचेही पैसे धरलेले असतात. आणि हाच हिशेब कातड्याला नको का? मी मृदंग मढवणाऱ्याला विचारले. तो म्हणाला, "बोवा, बकऱ्याचं कातडं बाजारातून येतं. म्हातारं होऊन मेलेलं बकरं मी कुठून शोधू?" आता कृत्रिम पुड्याही निघाल्या आहेत. माझ्या कानाला तो नाद रुचत नाही, हे लपवत नाही. मग माझ्या कानाची आवड चालते, आणि तिच्या हातातली वडी मला का खुपली?

कारण मी विटाळ पाहत होतो. अंगाला काय लागले, एवढेच. सोवळ्याओवळ्याचे हे खूळ संतांनी आपल्या अंगणातून झाडून काढले; ते मी साबणाच्या डबीतून परत आणत होतो. दयेचा प्रश्न निराळा असतो. या वस्तूपायी कोणाला दुखले, असे ती विचारते. तसे विचारले की शाकाहारी पामतेलही सुटत नाही. इंडोनेशिया-मलेशियात त्याच्या लागवडीपायी केवढी जंगले तुटली! तोंडाला लावायच्या चकचकीत पावडरीत अभ्रक असते. अभ्रक मातीसारखेच निर्जीव, पण झारखंडात कोडरमा-गिरिडीहकडे ते वेचायला लहान लेकरे खाणीत उतरत आली आहेत. जनावरांच्या डोळ्यांत औषधे घालून प्रसाधने पारखण्याला आपल्या देशाने 2014 साली बंदी केली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

'नैसर्गिक' या शब्दाला मात्र भुलू नये. चरबीही नैसर्गिकच की! आणि 'केमिकलविरहित साबण' म्हणून जो विकतो, त्याला विचारावे की बाबा, कॉस्टिकवाचून तुझा साबण जमला कसा? बचत गटाच्या बाया खोबरेल, एरंडेल घेऊन साबण करतात आणि महिनाभर सुकवतात; तो चांगला असतो, पण साध्या वडीहून बराच महाग. मोलमजुरी करून वारीला येणाऱ्या बाईवर त्याची सक्ती करणे म्हणजे पुन्हा नवे सोवळेच. तिला डाळीचे पीठ, शिकेकाई, रिठा आहेत. रिठाही नदीत नको बरं का! त्याच्या फेसाने मासे मरतात. काही भागांत मासे धरायला असली फळे कुटून पाण्यात टाकीत. चंद्रभागेत नुसती बुडी मारावी, अंग घासायचे ते काठापासून लांब.

वाखरीला त्या बाईंना गाठून "चुकलो" म्हणालो. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या बोवा. त्या ठिपक्याचं सांगून ठेवा, सुनेला सांगते." मृदंगाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. सध्या फाटलेली पुडी बदलायची आहे, आणि मी मढवणाऱ्याकडे जायचे दोनदा पुढे ढकलले आहे.