प्राण गेला, हे कोणी म्हणावे?

कठोपनिषदातील नचिकेत यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला आणि मेलेला मनुष्य पुढे उरतो की नाही, हे त्याने प्रत्यक्ष मृत्यूलाच विचारले. त्या थोर प्रश्नाच्या अलीकडे एक लहान प्रश्न आहे. तो केव्हा ना केव्हा आपल्या प्रत्येकाच्या ओसरीवर येतो. समोर निपचित पडलेला मनुष्य खरोखर मेला आहे काय?

बालाघाट जिल्ह्यातील रामपायली घ्या. चंदन नदीच्या काठी श्रीरामाचे जुने देवालय, भोवती धानाची शेते. नागपूरकर भोसल्यांच्या या जुन्या मुलखात पावसाळ्याबरोबर दोन भये येतात, साप आणि वीज. या दोहोंच्या तडाख्यात मनुष्य मेल्यासारखा दिसतो, पण मेलेला असतोच असे नाही.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्याला डसते. दंश फारसा दुखत नाही, सुजतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, मग हातपाय आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. डोळ्यांच्या बाहुल्याही कधी प्रकाशाला दाद देत नाहीत. तरीही आत हृदय चाललेले आणि मन जागे असू शकते. श्वास बाहेरून चालू ठेवला व प्रतिविष दिले, तर असा रोगी काही दिवसांनी उठून बसतो. विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय पुष्कळदा आपण होऊन सुरू होते. श्वास मात्र मागे राहतो आणि त्यावाचून हृदय पुन्हा थांबते. म्हणून एकाच वेळी अनेकांवर वीज पडली, तर मेल्यासारखा दिसणाऱ्याकडेच प्रथम धावावे, असा वैद्यकाचा नियम आहे. इतर मोठ्या अपघातांत तो याच्या उलट असतो.

१०८ क्रमांकावर बोलाविलेल्या गाडीत मध्य प्रदेशात बहुधा डॉक्टर नसतो. प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. तो हाक मारतो, छाती हलते का पाहतो, गळ्याची नाडी चाचपतो. नाडी लागली नाही, तर मिनिटास १०० ते १२० या गतीने छाती दाबू लागतो. हृदयाचा आलेख सरळ रेघ दाखवू लागला, तरी एखादी तार सुटली नाही ना, हे आधी पाहावयाचे असते. शरीर ताठरले असेल, खालच्या अंगास रक्त साकळून जांभळे डाग पडले असतील किंवा कुजणे सुरू झाले असेल, तरच प्रयत्न व्यर्थ समजावयाचा. ब्रिटनमधील वैद्यकसंस्थांनी २००८ साली घालून दिलेल्या नियमांत, हृदय व श्वास थांबल्यावरही किमान ५ मिनिटे निरीक्षण करण्यास सांगितले आहे. आपल्या १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही मृत्यू म्हणजे जीवनाच्या सर्व खुणा ‘कायमच्या’ नाहीशा होणे होय. सारा विवेक त्या एका शब्दात आहे.

मृत्यूच्या कारणाचा दाखला देणे हे मात्र डॉक्टरचे काम. म्हणून, स्पष्ट खुणा नसतील तेव्हा, तंत्रज्ञाच्या मनाशी खूण पटली तरी गाडी रुग्णालयाकडे धावते आणि मागून येणारे आप्त तिच्या भोंग्यालाच आशा समजतात. ही फसवणूक नव्हे काय? आम्हांस वाटते, शंका आहे तोवर धावणे हेच सत्य होय. परंतु त्या धावेआड लपून गप्प राहणे योग्य नाही. ‘नाडी लागत नाही, आम्ही प्रयत्न करीत आहो, पक्के डॉक्टर सांगतील,’ एवढे खरे बोलण्यास कोणताही कायदा आड येत नाही. त्यात खोटा दिलासा नाही आणि अकाली निवाडाही नाही.

तंत्रज्ञाला दोष देण्यापूर्वी आपण स्वतःकडे पाहावे. गाडी येण्याच्या आतच आपण मनुष्याला भुईवर घेतो, मुखात गंगाजल घालतो, रडणे सुरू करतो. शुद्ध नसलेल्याला गिळता येत नाही. ते पवित्र पाणी श्वासनलिकेत उतरले, तर जो परत आला असता तोही जाईल. ज्या हातांनी गंगाजल द्यावयाचे, त्याच हातांनी आधी छाती दाबावी. संस्कार थांबू शकतो, श्वास थांबू शकत नाही. मृत्यू निश्चित झाल्यावर जल, तुळस, नामस्मरण, सर्व काही यथासांग करता येते. त्याचे पुण्य त्या थोड्या वेळाने उणे होत नाही.

सावित्रीला सत्यवानाच्या मरणाचा दिवस आधीच ठाऊक होता. तरीही यम त्याचा प्राण घेऊन निघाला, तेव्हा ती विलाप करीत बसली नाही, त्याच्यामागून चालू लागली. मृत्यू मान्य करणे हा धर्म खरा. पण त्याची खात्री होण्यापूर्वी मान्य करणे, ही केवळ घाई होय. आणि खात्री झाल्यावर तो शब्द स्वच्छपणे उच्चारणे, हे गेलेल्याचे व राहिलेल्यांचेही देणे आहे.