यातली तुमची कोणती?

काही महिन्यांपूर्वीची एक रविवार सकाळ. मिस्सा आटोपून आम्ही घरी परतत होतो. बरोबर शेजारचे एक वयस्क गृहस्थ आणि त्यांचा सात वर्षांचा नातू होता. या गृहस्थांनी आयुष्याची ३४ वर्षे आपल्याच औद्योगिक पट्ट्यातील एका मोटार कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, डाय-फिटर म्हणून घालवली. पत्र्याला दाराचा किंवा छपराचा आकार देणारे जे अवजड पोलादी साचे असतात, त्यांची जुळणी आणि दुरुस्ती हे त्यांचे काम. आकुर्डीच्या चौकात सिग्नलला आम्ही थांबलो. समोरून गाड्यांची रांग निघाली होती. नातवाने आजोबांचा हात ओढून विचारले, "आजोबा, तुम्ही गाड्या बनवत होता ना? मग यातली तुमची कोणती?"

आजोबा हसले. एका गाडीकडे बोट दाखवण्यासाठी त्यांनी हात उचललाही, पण तो अर्ध्यावरच थांबला. "सगळ्याच" असे काहीसे ते पुटपुटले. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. आणि मला वाटते, खुद्द आजोबांचेही झाले नाही. घरापर्यंत ते फारसे बोलले नाहीत.

मुलाचा प्रश्न पोरकट म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण येथील आपल्या धर्मग्रामांत ज्या घरातील कुणी ना कुणी कारखान्यात गेलेले नाही, असे घर विरळाच. आपले वाडवडील शेत सोडून इकडे आले, तेव्हा त्यांच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर होते. शेतकरी सांगू शकतो की हे पीक माझे. गवंडी सांगू शकतो की ही भिंत मी बांधली. शिंप्याला आपला टाका ओळखू येतो. मग दिवसाला शेकडो मोटारी घडवणाऱ्या माणसाला त्यांतली एकही आपली म्हणून दाखवता येऊ नये, हे काय गौडबंगाल आहे? माणसाचे काम नेमके कशाने त्याचे होते?

या कोड्याची सुरुवात शोधायची तर अमेरिकेत जावे लागते. हेन्री फोर्ड यांनी १९१३ साली आपल्या कारखान्यात सरकती जुळणी-पट्टी आणली. एका गाडीचा सांगाडा जुळवायला पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत, ते काम पुढे दीड तासावर आले. कामगार जागेवर उभा राहू लागला आणि काम त्याच्यापुढून सरकू लागले. १९०८ ते १९२७ या काळात 'मॉडेल टी' या एकाच जातीच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. मोटार श्रीमंताच्या अंगणातून साध्या शेतकऱ्याच्या दारी आली, हा त्यातला मोठा लाभ होता आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि त्याच घडीला "ही गाडी मी केली" असे म्हणणारा माणूस कारखान्यातून नाहीसा झाला.

गंमत अशी की, त्याच फोर्डच्या जुन्या गाड्यांतून पुढे एक उलटा प्रवाह निघाला. कॅलिफोर्नियातील तरुण पोरांनी या स्वस्तात मिळणाऱ्या जुनाट गाड्या घेतल्या, त्यांचे चिखलरोधक पत्रे काढून टाकले, छपराचे खांब काही इंच कापून छप्पर खाली आणले, इंजिन बदलले किंवा त्याची ताकद वाढवली आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळवल्या. १९३२ साली फोर्डने स्वस्त किमतीत आठ सिलिंडरचे इंजिन आणले, त्याने या छंदाला बळ मिळाले. अशा गाडीला 'हॉट रॉड' म्हणतात. एकाच साच्यातून निघालेल्या लाखो गाड्यांपैकी एक उचलून तिला पुन्हा एका माणसाच्या हाताखाली आणणे, हे या छंदाचे मर्म होय.

आमच्या नातवाच्या प्रश्नाला ज्याने बोट दाखवून उत्तर दिले असते, असा या परंपरेतील एक नामवंत कारागीर, जीन विनफील्ड, ४ मार्च २०२५ रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी निधन पावला. एका रंगातून दुसरा रंग नकळत उमलावा, अशी रंगकामाची पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते. १९५६ सालच्या मर्क्युरी गाडीचे त्याने 'जेड आयडॉल' या नावाने केलेले रूपांतर आजही जाणकारांच्या तोंडी असते. मला त्याची थोरवी आणखी एका गोष्टीत वाटते. उतारवयातही तो गावोगावी जाऊन तरुणांना पत्रा कापण्याचे आणि जोडण्याचे काम शिकवीत असे. आपल्या हाताचे गुपित त्याने आपल्याबरोबर नेले नाही.

येथे कुणी म्हणेल, अमेरिकेतील हौशी माणसाची कथा आम्हांला कशाला? पैसा आहे, मोकळी जागा आहे, गाडी मोडून पुन्हा करण्याची चैन आहे. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आपल्या महाराष्ट्रातील एका माणसाची आठवण मला अधिक मोलाची वाटते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली आपल्या हिकमतीवर एक छोटी दोन आसनी मोटार बनवली. नाव 'मीरा'. देश स्वतंत्र होऊन दोनच वर्षे झाली होती. सर्वसामान्य कुटुंबाला परवडेल अशी लहान गाडी या देशात व्हावी, हा त्यांचा ध्यास. पाठीशी ना मोठा उद्योगसमूह, ना परदेशी सहकार्य. पुढची सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी मीरेची एकामागून एक सुधारित रूपे घडवली. ती चालणारी, रस्त्यावर धावणारी गाडी होती.

परंतु मीरा कारखान्यात कधी गेली नाही. त्या काळी मोठ्या प्रमाणावर मोटार काढायची तर सरकारी परवाना हवा, भांडवल हवे, आणि देशात मोटारींचे मोजकेच कारखाने होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत मारुतीची पहिली छोटी गाडी ग्राहकाच्या हाती देण्यात आली. सामान्यांच्या छोट्या मोटारीचे युग आले, पण ते इचलकरंजीच्या वाटेने आले नाही.

अशा वेळी आपण एक सोपे सांत्वन शोधतो. विनफील्डची एकेक गाडी अमोल, तशीच मीराही. संख्येला काय महत्त्व? असे म्हणून मोकळे होतो. हे सांत्वन मला अप्रामाणिक वाटते. विनफील्डला एकच गाडी करायची होती आणि त्याने ती केली. शंकररावांना हजारो करायच्या होत्या आणि त्यांना त्या करता आल्या नाहीत. एकाचे एकटेपण निवडीचे होते, दुसऱ्याचे लादलेले. दोघांना एकाच आरतीत ओवाळले, तर शंकररावांचे जे खरे दुःख, ते आपण पुसून टाकतो. माणसाच्या अपयशाला अपयश म्हणण्याचे धैर्य नसेल, तर त्याचा आदरही खोटा ठरतो.

मग शंकररावांचे काम फुकट गेले काय? तसे म्हणायचे तर केवळ खप हाच कामाचा मापदंड मानावा लागेल, आणि तो मापदंड किती कच्चा आहे हे आपल्याच पट्ट्याने पाहिले आहे. पुण्याच्या अभियंत्यांनी ज्या नॅनोवर आपली बुद्धी खर्च केली, ती २००८ साली जगापुढे आली तेव्हा सर्वत्र कौतुक झाले. तिच्यामागे बलाढ्य उद्योग होता, भांडवल होते, कारखाना होता. दहा वर्षांत तिचेही उत्पादन थंडावले. म्हणून त्या अभियंत्यांचे काम हिणकस होते, असे कुणी शहाणा म्हणणार नाही. काम चांगले होते की नव्हते आणि ते बाजारात टिकले की नाही, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते एक मानण्याची सवय आपल्याला जडली आहे, आणि ती सवय आपल्या मुलांच्या परीक्षेच्या गुणांपर्यंत पोचली आहे.

माझ्या मते काम माणसाचे होते ते त्यावर नाव कोरल्याने नव्हे, किंवा ते आरंभापासून अखेरपर्यंत एकट्याने केल्यानेही नव्हे. ज्या कामाबद्दल विचारणा झाली तर "मी उत्तर देतो" असे माणूस म्हणू शकतो, तेवढे काम त्याचे. विनफील्ड आपल्या प्रत्येक सांध्याचे उत्तर देऊ शकत होता. मीरा रस्त्यावर बंद पडली असती, तर शंकररावांना दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता आले नसते.

हॉट रॉडच्या इतिहासातही हीच गोष्ट दिसते. सुरुवातीला ही पोरे भर रस्त्यात शर्यती लावत, त्यांत त्यांच्याबरोबर निरपराध माणसांचेही जीव धोक्यात येत. शेवटी त्यांच्यातल्याच जाणत्यांनी १९५१ साली संघटना स्थापून नियम घातले आणि शर्यती रस्त्यावरून वेगळ्या धावपट्ट्यांवर नेल्या. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. चाकणच्या रस्त्यावर सायलेन्सर बदलून मोटारसायकल दणाणत नेणाऱ्या मुलाला हा कायदा जाचक वाटत असेल. पण गाडी माझी म्हणणे म्हणजे तिच्यामुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा जाबही माझाच म्हणणे. उत्तर द्यायची तयारी नसेल, तर कारागिरी आणि उनाडकी यांत फरक उरत नाही.

आता आपल्या कारखान्याकडे येऊ. वर सांगितलेली कसोटी खरी असेल, तर जुळणी-पट्टीवरचा कामगारही आपल्या कामाचा धनी होऊ शकतो. त्याने आवळलेला बोल्ट कुणाला कधी दिसणार नाही, तरी त्या बोल्टचे उत्तर तो देऊ शकतो. मात्र त्यासाठी काही गोष्टी त्याच्यापाशी हव्यात: चूक दिसली तर काम थांबवण्याचा अधिकार, ती ओळखण्याइतके शिक्षण, आणि उद्याही याच जागी आपण असू याची थोडीफार खात्री. सलग २४० दिवस भरले तर कामगाराला कायम होण्याचा हक्क सांगता येत असे, म्हणून सात महिने होताच त्याला घरी पाठवायचे आणि नवा आणायचा, ही रीत आपल्या पट्ट्यातील अनेक तरुणांनी वर्षानुवर्षे सोसली. अशा मुलाला "आपल्या कामावर प्रेम कर" असा उपदेश करणे सोपे आहे. पण ज्याला कुणी काही विचारणारच नाही, त्याने उत्तर कुणाला द्यायचे? मजुरी कमी देणे हा अन्याय आहेच. माणसाकडून त्याच्या कामाचे उत्तरदायित्व काढून घेणे हा त्याहून खोल अन्याय आहे, कारण त्याची भरपाई पगारवाढीने होत नाही.

त्या रविवारनंतर दोन-तीन आठवड्यांनी ते शेजारी संध्याकाळी आमच्याकडे आले. चहा घेता घेता आपण होऊन म्हणाले, "त्या दिवशी पोराला सांगता आलं नाही. पण एक रात्र आठवते."

ऐंशीच्या दशकातील गोष्ट. रात्रपाळी होती. दारांचे पत्रे निघत होते. एका पत्र्याच्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ, त्यांना केसाएवढी चीर दिसली. दुसरा पत्रा पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्यांना तीच चीर. साचाच कोपऱ्यात तडकला होता. रंग चढल्यावर ती चीर कुणाला दिसली नसती. सुपरवायझर म्हणाला, सकाळपर्यंत चालू दे, माल द्यायचा आहे. यांनी प्रेस बंद केली, वहीत कारण लिहिले आणि खाली आपला टोकन नंबर घालून सही केली. सकाळी बोलणी खावी लागली, एक लेखी समजही मिळाली. त्या रात्रीचे सगळे पत्रे भंगारात गेले.

"आता सांगा," ते म्हणाले, "पोराला दाखवणार काय? ती दारं कुठल्या गाडीला लागलीच नाहीत."

मी म्हटले, "हेच सांगा त्याला. एवढंच सांगा."

त्यांनी ते सांगितले की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून सिग्नलला उभा असताना समोरून जाणाऱ्या गाड्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. त्यांतली प्रत्येक गाडी कुणाच्या तरी अशाच एखाद्या रात्रीच्या जोरावर आपल्या मुलाबाळांना सुखरूप घरी नेत असते. आपापल्या घरात निवृत्त होऊन बसलेल्या अशा माणसांना आपण कधीतरी हा प्रश्न विचारावा. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागले, तरी थांबावे.