आंबलेल्याचा अपवाद

माझी लेक लाइपझिगच्या गोलिस भागात राहते. तिथे एक जुनी पानशाळा आहे, ‘ओने बेडेंकन’. मराठीत सांगायचं तर ‘निःशंकपणे’. १८९९ साली ती सुरू झाली, तेव्हा ‘हे असलं खरंच पितात का?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘ओने बेडेंकन!’ असं उत्तर मिळायचं, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. मी सांगलीत पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं. शंका घेणं हाच माझा व्यवसाय. त्यामुळे पाटी वाचूनच पहिली शंका आली.

“आई, चव तरी घे. तुला ओळखीची वाटेल,” लेक म्हणाली.

उंच, सरळ पेला. आतलं पेय पिवळट, गढूळ. नाव गोझे. हार्ट्‌झ डोंगरातल्या गोस्लार गावच्या ओढ्यावरून पडलेलं, पण नांदलं ते लाइपझिगमध्ये. पहिल्या घोटाला आंबट लागलं, मग पाठीमागून मीठ आलं आणि अगदी शेवटी धने. “अगं, हा तर मठ्ठा!” मी जवळजवळ ओरडलेच. मठ्ठा नव्हता तो, बिअर होती. मोड आणून वाळवलेला गहू आणि तसाच जव, त्यात मीठ आणि धने, फेस आणायला यीस्ट आणि आंबवायला आपल्या विरजणात असतात त्याच गणगोतातले जिवाणू. मनुस्मृतीच्या हिशेबाने मात्र ही धान्याची सुरा, म्हणजे अन्नाचा मळ. पेला खाली ठेवला. ठेवला म्हणजे हातातच ठेवला.

मग आठवण झाली ती याच स्मृतीतल्या दुसऱ्या एका नियमाची. पाचव्या अध्यायात भक्ष्याभक्ष्य सांगताना आंबलेलं सगळं वर्ज्य ठरवलं आहे. आणि लगेच पुढच्याच श्लोकात म्हटलंय की आंबलेल्यांपैकी दही आणि दह्याचं जे जे होतं ते खावं. वर्गात मी हे श्लोक भराभर उरकत असे. आता वाटतं, नियमकर्त्याच्या घरीही ताक होत असणारच, आणि जेवायला बसल्यावर ते आठवलं असणार.

जर्मनांचं याहून वेगळं नाही. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाटमध्ये बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग यांनी फर्मान काढलं की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. पुढे त्याला ‘राइनहाइट्सगेबोट’, म्हणजे शुद्धतेची आज्ञा, असं भारदस्त नाव मिळालं. गहू त्यात बसत नाही. तो पाववाल्यांसाठी राखायचा होता, असं म्हणतात. पण गव्हाच्या बिअरचा हक्क एका सरदार घराण्याकडे राहिला, आणि १६०२ मध्ये ते घराणं खुंटल्यावर तो खुद्द ड्यूक मॅक्सिमिलियनकडे आला. मग गव्हाबद्दल कुणाची तक्रार उरली नाही. आज मीठ आणि धने घातलेली गोझे चालते, तीही एक खास प्रादेशिक बिअर म्हणून, अपवादाने.

गंमत पुढेच आहे. या फर्मानात यीस्टचं नावच नाही. ज्याच्यावाचून बिअर होतच नाही, तेच यादीत नाही. शुद्धतेची सीमा आखणारे ज्याच्या जिवावर पीत होते, ते सीमेच्या आतही नव्हतं आणि बाहेरही.

याच इंगोलश्टाटचा प्राध्यापक योहान एक हा १५१९ मध्ये लाइपझिगला येऊन मार्टिन ल्यूथरशी वाद घालून गेला. सिद्धांतात काय शुद्ध, काय भेसळ, यावर. बिअरच्या आज्ञेशी त्याचा संबंध जोडायचा नाही, पण गाव तेच हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. आणि ज्या धर्माबद्दल ते भांडत होते, त्याच्याच ग्रंथात आंबवणाविषयी दोन तोंडं आहेत. संत पौल जुनं आंबवण झाडून काढायला सांगतो, दुष्टपणाची खूण म्हणून. येशू मात्र देवाच्या राज्याला पिठात आंबवण मिसळणाऱ्या बाईची उपमा देतो. १०५४ च्या सुमारास पूर्वेकडचं चर्च आणि पश्चिमेकडचं चर्च जे दुरावले, त्या भांडणात प्रसादाची भाकर आंबवलेली असावी की बिनआंबवलेली, हाही एक मुद्दा होता. आम्ही सोवळ्यात फक्त स्वयंपाकघर विभागलं, असं म्हणायला हरकत नाही.

विज्ञानाचंही सोवळं असतं. पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर पुस्तक लिहिलं, त्याच्या शीर्षकातच बिअरचे ‘रोग’ आहेत, आणि आंबट होणं हा त्यातलाच एक. काही वर्षांनी कोपनहेगनमध्ये हान्सेन नावाच्या शास्त्रज्ञाने एकाच पेशीपासून यीस्टचं शुद्ध वाण वाढवलं. बाकीच्यांना दाराबाहेर काढायची सोय झाली.

आपल्या भाषेत दूध नासतं, भाजी विटते, पीठ आंबतं, लोणचं मुरतं, दही लागतं. क्रियापदं पाच. करणारे अनेकदा एकाच कुळातले. मग फरक कुठे पडतो? सासूबाईंच्या सोवळ्यात रात्रीचा भात सकाळी चालत नसे, पण रात्री लावलेलं दही चाले. नवी नवरी असताना मी विचारलं होतं. त्या ताक घुसळताना मान वर न करता म्हणाल्या, “भात राहिलेला असतो. दही लावलेलं असतं.”

मला हे उत्तर बरीच वर्षं पुरलं. वस्तूत शुद्धाशुद्ध नसतं, कुणीतरी लावून वाट पाहत असलं की ते शुद्ध. पण गोझेने त्यालाही भोक पाडलं. जुन्या काळी ही बिअर कुणी विरजत नसे. हवेतून, लाकडी भांड्यातून जे येईल त्यावर ती आपोआप आंबायची. लांब मानेच्या बाटलीला बूचही नसे, वर चढलेलं यीस्टच सुकून मान बंद करी. लावणारं कुणी नाही, म्हणजे ‘राहिलेलं’च की. सासूबाईंना हे विचारायला हवं होतं.

लावणारं नसलं तरी ओळखणारं कुणी तरी लागतं, एवढं मात्र दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर डोलनिट्झची मोठी गोझे-भट्टी बंद पडली. तिथे काम केलेल्या फ्रीड्रिश वुर्झलरने १९४९ मध्ये लाइपझिगला लहानशी भट्टी घातली, मग ती विद्या सावत्र मुलाला, गीडो प्फ्निस्टरला दिली. १९६६ मध्ये तीही संपली. जिवाणू होते, गहू होता, धने होते. गोझे नव्हती. वीस वर्षांनी लोथार गोल्डहान नावाच्या माणसाने हीच पानशाळा पुन्हा उघडायची ठरवली, तेव्हा चव आठवणारे म्हातारे शोधून विचारावं लागलं. ती बनवायला भट्टी मिळाली पूर्व बर्लिनमधली, जिथे बर्लिनर वाइसे बनत असे. तीही गव्हाची आणि आंबट; बर्लिनकर तिच्यात रासबेरीचं सरबत ओततात, ते मला पटत नाही. आंबटाला आंबट राहू द्यावं.

लेकीच्या फ्रिजमध्ये दुकानातल्या योगर्टचं विरजण लावलेलं दही आहे. थंडीत ते लागत नाही, म्हणून ती ओव्हनमधला दिवा लावून भांडं आत ठेवते. सांगलीचं विरजण आणायचं मनात होतं, पण विमानतळावर दुधाचं काही चालत नाही म्हणे.

“मग, काय ठरलं?” तिने विचारलं.

मी पुन्हा एक घोट घेतला. मग आणखी एक. “मीठ थोडं जास्त आहे,” म्हटलं, “आणि हे तुझ्या बाबांना कळवू नकोस.”